पान पिवळं दिसलं की लगेच खत? मला पटत नाही

ओलीमाती:
उघड्यावरच्या टोमॅटोची दोन-चार पानं पिवळी पडली की आपला हात सरळ खताच्या डब्याकडे जातो. माझाही जायचा. गेल्या पावसाळ्यात सहापैकी चार कुंड्यांतली खालची पानं पिवळी पडली. पाण्यातून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) दिलं, चार दिवसांनी पुन्हा दिलं. दहाव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या आणि भर ओल्या मातीत झाडं माना टाकून उभी. शेवटी एक कुंडी उपडी केली. तळाशी चिखलाचा काला, मुळं तपकिरी. चिमटीत धरून ओढलं की वरची साल निसटायची आणि हातात नुसता दोरा राहायचा. वास तर विचारूच नका. झाड उपाशी नव्हतं हो, बुडत होतं! तेव्हापासून माझं ठाम मत आहे: आधी बोट मातीत, मग नजर पानांवर, खत सगळ्यात शेवटी.

कुंडीवाला:
साफ असहमत. तुमच्या कुंडीचा निचरा तुंबला होता, त्याचं खापर खतावर का? कुंडी म्हणजे शेत नव्हे. मूठभर माती, त्यात रोजचं पाणी, आणि पाण्याबरोबर नायट्रेट, म्हणजे खतातलं नत्र, तळाच्या भोकातून वाहून जातं. पान पिवळं दिसेपर्यंत झाडाची वाढ केव्हाच मंदावलेली असते. पोराच्या बरगड्या दिसायला लागल्यावर त्याला जेवायला वाढणार का? मी डब्यावरच्या मात्रेच्या निम्मं खत दर आठवड्याला देतो, पानं हिरवीगार असली तरी.

ओलीमाती:
जेवण अडवा असं कुठे म्हटलं मी? मातीत हवाच नसेल तर मुळं श्वास घेत नाहीत आणि अन्नही उचलत नाहीत. मग तुमचं निम्मं खत तसंच पडून राहतं आणि मातीतले क्षार वाढवतं. वाफसा, म्हणजे मातीत ओलीबरोबर हवाही, नसताना खत देणं म्हणजे उलट्या होणाऱ्या माणसापुढे ताट वाढणं.

पानउलट:
दोघंही 'पिवळं' म्हणून मोकळे झालात. पिवळं म्हणजे कुठलं पान? जुनं की नवं? अर्धं निदान तिथेच होतं. नत्र झाडाच्या अंगात फिरतं. कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून शेंड्याला देतं, म्हणून खालचं पान सगळंच्या सगळं फिकट होतं. मॅग्नेशियमही असंच फिरतं, पण तिथे शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. पालाश (पोटॅशियम) कमी असेल तर जुन्या पानाची कड भाजल्यासारखी दिसते. लोह मात्र एकदा पानात बसलं की सहसा हलत नाही, त्यामुळे त्याची कमतरता शेंड्याच्या कोवळ्या पानावर आधी दिसते.

मी स्वतः इथे फसलोय. शेंडा लिंबासारखा पिवळा, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह कमी म्हणून मातीत फेरस सल्फेट घातलं. काहीही फरक नाही. मातीचा सामू (pH) मोजला तर ८ च्या जवळ! अशा मातीत लोह असतं, पण झाडाला मिळत नाही, आणि वरून घातलेलंही अडकून बसतं. साधं ईडीटीए लोह (लोह विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं) साडेसहा सामूच्या पुढे फारसं टिकत नाही. ईडीडीएचए प्रकारचं लागतं, पाणी लालभडक करणारं. ते दिल्यावर पुढची पानं हिरवी आली.

आणि पान उलटं करून बघा की कधीतरी. बारीक फिके ठिपके असतील तर खाली पांढरा कागद धरून फांदी झटका. ठिपक्याएवढं काही कागदावर चालायला लागलं तर तो लाल कोळी, पानाचा रस शोषणारी बारीक कीड. त्याला कुठलं खत घालणार?

एकचिमूट:
एवढं डोकं कशाला खपवायचं? चमचाभर एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट), विषय संपला. 😄

पानउलट:
हाच उपाय मला सगळ्यात जास्त खटकतो. त्यात साधारण १० टक्के मॅग्नेशियम आणि बाकी गंधक वगैरे. नत्र शून्य, लोह शून्य. शिवाय जास्त मॅग्नेशियम कॅल्शियमच्या आड येतं. टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडत असेल तर एप्समने बिघडण्याचीच शक्यता जास्त. ते बूड बहुतेक वेळा अनियमित पाण्यामुळे सडतं: आज कोरडं, उद्या तुडुंब.

कुंडीवाला:
पानउलट, मान्य. पण प्रत्येकाकडे सामू मोजायचं यंत्र नसतं आणि रोज पानं वाचायला वेळही नसतो. नियमित थोडं थोडं खत हा माझा विमा आहे.

ओलीमाती:
आणि विम्याचे हप्ते मातीवर पांढरी खपली होऊन साठतात. कुंडीच्या कडेला नखाने खरवडून बघा. पानांची टोकं करपलेली दिसली तर खत बंद करून साधं पाणी भरपूर सोडा, कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट. अर्थात भोकं मोकळी असतील तरच, नाहीतर माझ्यासारखी गत.

कुंडीवाला:
खपली आहे थोडी. खोटं कशाला बोलू. महिन्यातून एकदा धुवून काढेन. पण साप्ताहिक खत बंद करणार नाही.

एकचिमूट:
ओलीमाती, त्या बाकीच्या तीन आजारी कुंड्यांचं काय झालं?

ओलीमाती:
एक गेली. दोघींची भोकं मोठी केली, विटांवर ठेवल्या, माती वरून दोन पेरं सुकेपर्यंत पाणी दिलं नाही. पिवळी झालेली पानं काही पुन्हा हिरवी झाली नाहीत, ती खुडली. शेंडा मात्र तीन आठवड्यांत चांगला फुटला. खत त्यानंतर, तेही पाव मात्रा.

कुंडीवाला:
आणि टोमॅटो किती लागले?

ओलीमाती:
दोन्ही मिळून सात. तुमचे?

कुंडीवाला:
मोजत नाही मी.