मदत हवी आहे : ईएसआयमध्ये आईचं नाव, ९,००० ची अट आणि दर महिन्याची औषधं

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ चाकणला कारखान्यात कामाला आहे. पगार २१,००० च्या आत, त्यामुळे त्याला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू आहे. आई त्याच्याकडेच राहते. तिला मधुमेह आणि बीपी, आता इन्सुलिनही सुरू झालंय. महिन्याच्या औषधांचा खर्च त्याला अजिबात झेपत नाही.

आईचं सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड काढलंय. त्यात उत्पन्नाची अट नाही, पण ते ॲडमिट झाल्यावर कामाला येतं, डिस्चार्जनंतरची औषधं १५ दिवसांपुरतीच. रोजच्या गोळ्यांचं काय? त्या ईएसआय दवाखान्यातून मिळू शकतात, म्हणून आईचं नाव अवलंबित म्हणून लावायचंय.

अडचण इथे आहे. आई-वडिलांचं सगळ्या मार्गांनी येणारं उत्पन्न महिन्याला ९,००० च्या वर नको. आईला वडिलांमागे थोडी फॅमिली पेन्शन आहे, पोस्टातलं व्याज आहे आणि गावच्या जमिनीत वाटा आहे. पीक कधी येतं, कधी हातचं जातं. मग ते महिन्याच्या हिशेबात कसं धरतात? तहसीलदारांचा दाखला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाचा, त्यात भावाचा पगारही येतो! फक्त आईच्या उत्पन्नाचा पुरावा कुणी कसा दिला? स्वयंघोषणापत्र चाललं का?

शिवाय भावाची पगारवाढ होणार आहे. मधेच २१,००० ओलांडले तरी एप्रिल-सप्टेंबरचा कालावधी संपेपर्यंत वर्गणी कापतात, हे माहीत आहे. पण त्यानंतर आईची औषधं लगेच थांबतात की पुढेही काही महिने मिळतात?

ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा. तोवर जनऔषधीतून गोळ्या आणतोय.