बंड्या गेल्यापासून चिमणी लिफ्टकडे बघत बसते. लगेच पिल्लू आणावं का?

तिसरा_मजला
नमस्कार मंडळी, घरातलं भांडण इथे घेऊन आलेय. आमच्याकडे दोन कुत्रे होते. बंड्या, लॅब, १२ वर्षांचा, आणि चिमणी, साधी इंडी, म्हणजे देशी, ६ वर्षांची, दोन महिन्यांची असताना पार्किंगमधून उचलून आणलेली. म्हणजे बंड्याशिवायचं घर तिने बघितलेलंच नाही. बंड्या ३ आठवड्यांपूर्वी गेला, किडनी. शेवटच्या दिवशी सकाळी त्याला चादरीत घालून लिफ्टने खाली नेलं, दवाखान्यातच गेला आणि तिथूनच मालाडला महापालिकेचं प्राण्यांचं दहनगृह आहे तिकडे नेला. चिमणीच्या हिशोबाने तो लिफ्टमध्ये शिरला आणि परत आलाच नाही.

तर आता ही बया दिवसभर सेफ्टी डोअरच्या जाळीला नाक लावून असते. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की उठते, शेपटी दोनदा हलते, शेजारचे काका बाहेर येतात, परत बसते. जेवण निम्म्यावर आलंय. ती कायम बंड्याचं खाऊन झालं की मगच खायची, आता वाटी समोर ठेवली तरी आधी त्याच्या कोपऱ्याकडे बघत उभी राहते.

नवरा म्हणतो रविवारी पिल्लू आणू. सासूबाई म्हणतात मुकं जनावर, आठ दिवसांत विसरेल (आठाचे एकवीस झाले). मला दोन्ही पटत नाहीये. तुम्ही काय केलंत?

लॅबवाले_काका
आणा पिल्लू, विचार कसला करताय. आमचा रॉकी गेला तेव्हा जिमी असाच सोफ्याखाली जाऊन पडला होता, दहाव्या दिवशी पिल्लू आणलं आणि चार दिवसांत पठ्ठ्या त्याच्यामागे घरभर पळायला लागला. कुत्रा कळपात राहणारा प्राणी, त्याला एकटं ठेवायचं आणि वर त्याच्या दुःखाबद्दल धागा काढायचा याला काय अर्थ आहे. मिस्टरांचं ऐका.

मऊभात
काका तुमचं नशीब चांगलं. आम्ही हेच केलं आणि वर्षभर निस्तरलं. आमची म्हातारी नऊ वर्षांची, जोडीदार गेल्यावर चिडचिडी झालेली, त्यात आम्ही दीड महिन्याचं पिल्लू आणून तिच्या पुढ्यात ठेवलं. ते तिच्या कानाला लोंबकळायचं, तिने दोनदा गुरगुरून सांगितलं, तिसऱ्यांदा चावली. पिल्लाला तीन टाके, मला रात्री अकराला रिक्षा शोधत हिंडणं, आणि मग दोघांना दोन खोल्यांत ठेवायचं, एकीला बाहेर काढलं की दुसऱ्याला आत. पिल्लू म्हणजे टॉनिक नाही हो. चिमणीला बंड्या हवाय, ‘एक नग कुत्रा’ नकोय. आणि नवरा पिल्लू म्हणतोय ते नक्की चिमणीसाठीच ना, की त्यालाच घर खायला उठतंय?

लॅबवाले_काका
दीड महिन्याचं आणलंत ही तुमची चूक. इतकं लहान आईपासून तोडायचंच नसतं. त्यात पिल्लाचा काय दोष?

शंकासूर
शिव्या पडणार माहितीये, तरी लिहितो. लिफ्ट थांबली की कुत्री उठते कारण सहा वर्षं लिफ्ट थांबली की कोणीतरी घरात यायचं. वाटीपाशी थांबते कारण आधी खाल्लं तर बंड्या गुरकवायचा. ही सवय आहे. ‘वाट बघतेय’, ‘शोक करतेय’ हे आपण लावतो, आपल्याला रडू येत असतं म्हणून. दोनचे एक झाले, घराचा रगाडा बदलला, कुत्रं गोंधळलं, बास.

रानमोगरा
गोंधळलं म्हणे! रायगडावरचा वाघ्या काय गोंधळला होता का?

शंकासूर
वाघ्या नको प्लीज. २०१२ मध्ये तो पुतळा काढला काय, परत बसवला काय, तेव्हापासून कुठल्याही कुत्र्याच्या गप्पा शेवटी इतिहासाच्या भांडणावर जातात. आणि मेलेल्या मालकाची वाट बघणारा तो जपानचा हाचिकोही नको. शिबुया स्टेशनवर तो १९३५ पर्यंत येत राहिला हे खरंय, पण तिथे त्याला लोक खायलाही घालायचे.

इंडीची_आई
@शंकासूर सवयच असेल तर सगळ्या कुत्र्यांना सारखाच फरक पडायला हवा ना? इटलीत यावर एक सर्व्हे झालाय, २०२२ मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्समध्ये आला होता, ४२६ मालक, सगळ्यांकडे किमान दोन कुत्रे आणि त्यातला एक गेलेला. ८६ टक्क्यांनी सांगितलं की मागे राहिलेला बदलला. माणसाला जास्त चिकटतो, खेळत नाही, झोपून राहतो, कमी खातो, घाबरट होतो. साधारण चारातल्या एकाकडे हे सहा महिन्यांच्या वर चाललं. आणि मला महत्त्वाचं वाटलं ते हे की दोघं किती वर्षं एकत्र राहिली यावर फारसं काही ठरत नव्हतं, दोघांचं पटायचं का, यावर ठरत होतं. नुसती सवय असती तर वर्षं मोजली गेली असती. आता बोला.

शंकासूर
बोलतो की. फॉर्म कोणी भरले? ज्यांचा कुत्रा मेला त्यांनीच. त्याच सर्व्हेत हेही आहे की मालक जितका दुःखी तितका मागे राहिलेल्या कुत्र्यात बदल जास्त. आता एकतर माणूस स्वतःचं दुःख कुत्र्यात बघतोय, नाहीतर कुत्रं माणसाचं तोंड बघून बिथरतंय. दोन्हीकडून औषध एकच निघतं. धागाकर्तीने कुत्रीसमोर बसून रडणं कमी करावं आणि वॉकची वेळ पाळावी.

इंडीची_आई
किंवा तिसरं, दोघीही एकाच बंड्यासाठी दुःखी आहेत. पण ते तुमच्या फॉर्ममध्ये बसत नाही.

मऊभात
+१००

दवाखाना_नाशिक
मी व्हेट आहे, भांडण चालू द्या पण मला तीन प्रश्न विचारायचेत. एक, बंड्याची किडनी वयाने गेली की लेप्टोने, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसने? लेप्टो मुतातून पसरतो, पावसाळ्यात मुंबईत काय होतं ते सांगायला नको, आणि एकाच घरातली कुत्री एकाच ठिकाणी फिरतात, एकाच डबक्यात तोंड घालतात. लेप्टो असेल तर तो माणसालाही होतो, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांना आधी हे विचारा. दोन, चिमणीला गोचीड? तीन, ताप बघितलाय का?

कुत्र्याचं नॉर्मल टेंपरेचर साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, हात लावून ‘गरम वाटतंय’ म्हणण्यात अर्थ नाही. माझ्याकडे दर वर्षी असे दोन-तीन तरी येतात, ‘मित्र गेल्यापासून खात नाही हो’ म्हणून महिनाभर घरीच लाड केलेले असतात, चिकनचं पाणी, दहीभात, हाताने भरवणं, आणि हिरड्या बघितल्या तर पांढऱ्याफटक. रक्त काढलं की टिक फीव्हर, गोचिडीमुळे होणारा ताप. प्लेटलेट्स खाली आलेल्या. सुस्ती, भूक नाही, कोपऱ्यात बसणं, सगळं शोकासारखंच दिसतं. निम्मं जेवण तीन आठवडे म्हणजे खूप झालं. पूर्ण बंद असतं तर मी दोन दिवससुद्धा थांबा म्हटलं नसतं. उद्या सीबीसी, म्हणजे रक्ताची तपासणी, करून घ्या. आणि तोवर पिल्लू तर अजिबात नको, घरात काय आहे ते कळल्याशिवाय लस पूर्ण न झालेलं पिल्लू आणायचं नाही.

लॅबवाले_काका
डॉक्टर म्हटलं की आधी टेस्ट. आमच्या जिमीचं एक रुपयाचं रक्त न काढता बरं झालं होतं.

दवाखाना_नाशिक
आनंद आहे काका. वर धागाकर्तीने ‘किडनी’ एवढंच लिहिलंय म्हणून विचारलं.

घाटावरचा
आमच्याकडचं सांगतो, कुत्र्याचा जोडीदार कुत्राच असतो असं नाही. आमचा मोत्या सर्जाच्या गोठ्यातच वाढला. थंडीत बैलाच्या पोटाला पाठ लावून झोपायचा, सर्जा पण असा की रात्री उठायचा झाला तर आधी मान फिरवून मोत्याला फुंकर मारणार, तो बाजूला झाला की मगच पाय टेकणार. सर्जा म्हातारा होऊन गोठ्यातच गेला, वडिलांनी बांधालाच खड्डा काढून पुरला. मोत्या समोर होता, वास घेतला, मातीत लोळला, परत गोठ्यात गेला. मग पंधरा-वीस दिवस सर्जा बसून बसून जमिनीला जो खळगा पडला होता ना त्यातच बसायचा, भाकरी तिथे नेऊन टाकली तर खायचा, नाहीतर नाही. दावं चघळून चघळून त्याचा भुगा केला. आई म्हणाली दावं काढू नका, राहू द्या त्याला. कोणी समजावलं नाही, दवाखाना नाही, दुसरा बैल नाही, ट्रॅक्टर आलेला. एक दिवस उसाला पाणी द्यायला निघालो तर मागं आला. बास. माझं म्हणणं, हात लावू नका, त्याचं तो बघतो.

मऊभात
दादा वाचून डोळ्यात पाणी आलं, पण तुमच्या मोत्याला अख्खं शिवार होतं. चिमणीला दोन बीएचके आणि एक जाळीचा दरवाजा आहे. तिथे ‘त्याचं तो बघतो’ म्हटलं तर ती बघणार काय, लिफ्ट?

घाटावरचा
हे बाकी खरं.

रानमोगरा
बंड्याची चादर कोणी धुतली का? धुवू नका असं म्हणतात ना.

तिसरा_मजला
दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी सगळं डेटॉलमध्ये बुडवलं. त्यावरून आमच्याकडे वेगळं भांडण झालं. पट्टा तेवढा राहिलाय, चपलांच्या कपाटात.

लॅबवाले_काका
बरं केलं त्यांनी. वास ठेवायचा म्हणजे जखम उघडी ठेवायची.

इंडीची_आई
उलट! एका दिवसात माणूसही नाही आणि वासही नाही, याने जास्त गोंधळते. आम्ही गादी ठेवली होती, आमच्या पोरीने स्वतःच दोन महिन्यांनी तिच्यावर झोपणं सोडलं.

शंकासूर
माणूस?

इंडीची_आई
हो, माणूसच.

तिसरा_मजला
अपडेट देते. डॉक्टरांना विचारलं, बंड्याची किडनी वयानेच गेली होती, लेप्टोची टेस्ट तेव्हाच केली होती आणि निगेटिव्ह होती, मी त्या धावपळीत विसरले होते. पण चिमणीला १०३.४ ताप, प्लेटलेट्स बऱ्याच खाली, टिक फीव्हर. @दवाखाना_नाशिक तुमचे आभार कसे मानू कळत नाही. महिनाभराच्या गोळ्या दिल्यात, आज सहावा दिवस. कालपासून वाटी चाटून साफ. सासूबाईंनी स्वतः केसांत हात घालून दोन गोचीड काढल्या आणि ‘मी म्हणतच होते काहीतरी आहे’ असं म्हणाल्या. म्हटलं बरं.

शंकासूर
बघा. शोकबिक काही नव्हतं.

तिसरा_मजला
थांबा ना, पुढचं ऐका. ताप उतरला, खातेय, खाली फिरायला ओढत नेते, सगळं छान. पण लिफ्टचं सुटलेलं नाहीये. थोडं कमी झालंय, दिवसभर जाळीला नाक नसतं आता. संध्याकाळी साडेसातला मात्र असतंच, बंड्या नवऱ्याबरोबर फेरी मारून त्याच वेळेला वर यायचा. तिला रोजच नंतर नेतात, त्यामुळे दोघांची वेळ वेगळी.

दवाखाना_नाशिक
साडेसातलाच नवऱ्याबरोबर तिला खाली पाठवा. बंड्याचीच फेरी, त्याच वाटेने. त्या वेळेला ती दाराच्या आत नसेल, लिफ्टमध्ये असेल. चालेल की नाही माहीत नाही, करून बघा. गोळ्यांचा कोर्स मध्येच सोडू नका, खायला लागली की लोक बंद करतात.

शंकासूर
म्हणजे सवयीला सवय. मी हेच म्हणत होतो.

इंडीची_आई
तुम्ही रडू नका म्हणत होतात.

लॅबवाले_काका
आणि पिल्लाचं काय झालं?

तिसरा_मजला
गणपतीनंतर बघू म्हटलंय. तेही पिल्लू नको, चिमणीला आधी खाली सोसायटीत दोन-तीन वेळा भेटवून मग एखादं मोठं, शांत. नवरा तोंड पाडून बसलाय. @मऊभात तुमचा तो प्रश्न त्याला वाचून दाखवला. काही बोलला नाही, उठून चपलांचं कपाट उघडलं आणि पट्टा तिथेच आहे ना ते बघून परत लावलं.