क्लिंटन शार्लटमध्ये लांबले नाहीत
२०१२ साली शार्लटला झालेल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन फार वेळ बोलले, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. १९८८ साली अटलांटाच्या अधिवेशनात पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून ड्युकाकिस यांचं नाव मांडताना ते इतके लांबले होते, की 'शेवटी' म्हणताच टाळ्या पडल्या! म्हणून या भाषणापर्यंत मलाही धाकधूक होती. पण शार्लटमध्ये पाऊण तासाहून जास्त बोलले, तरी सभागृह त्यांच्या मुठीत होतं. त्यांनी हिशेब मांडला: १९६१ पासून तेव्हापर्यंत अध्यक्षपद रिपब्लिकनांकडे २८ वर्षं, डेमोक्रॅटांकडे २४. नव्या खासगी नोकऱ्या मात्र रिपब्लिकनांच्या काळात २.४ कोटी, डेमोक्रॅटांच्या काळात ४.२ कोटी. चांगला मास्तर फळ्यावर गणित सोडवून दाखवतो, तसं. मला सर्वांत भिडला तो मेडिकेडचा, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचा, भाग: त्यातला मोठा वाटा वृद्धांच्या शुश्रूषेवर आणि अपंगांवर खर्च होतो, हे इतकं सोपं करून ओबामांनीही कधी सांगितलं नव्हतं.