मदत हवी आहे: फंक्शन प्रोग्राममध्ये आहे, तरी प्लगइन म्हणतं ‘अनडिफाइन्ड सिंबल’

नमस्कार मंडळी,

दोन दिवस एकाच जागी अडकलोय. लिनक्सवर सी भाषेत काम करणारं, लिंकरशी (कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाशी) झटापट केलेलं कुणी इथे असेल तर कृपया शेवटपर्यंत वाचा.

आमचा प्रोग्राम इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांकडून आकडे घेऊन नोंदवतो. काट्यांचे प्रकार बरेच, म्हणून प्रत्येक प्रकारासाठी वेगळं प्लगइन, म्हणजे एक छोटी एसओ फाइल (शेअर्ड लायब्ररी). प्रोग्राम सुरू झाला की डीएलओपन या फंक्शनने ती उघडतो. प्लगइन वजन वाचतं आणि मुख्य प्रोग्राममधलंच ‘नोंद_लिहा’ हे फंक्शन कॉल करतं. इथे कॉल उलट्या दिशेने जातो, लायब्ररीकडून प्रोग्रामकडे. इतकी वर्षं हे बिनतक्रार चाललं.

गेल्या आठवड्यात नव्या मशीनवर बिल्ड केलं. कंपाइल झालं, लिंक झालं, एकही वॉर्निंग नाही. चालवल्यावर पहिल्याच प्लगइनपाशी थांबलं: ‘अनडिफाइन्ड सिंबल: नोंद_लिहा’, म्हणजे या नावाचं काही सापडत नाही.

एनएम ही कमांड (फाइलमधली सिंबल, म्हणजे फंक्शनं वगैरेंची नावं, दाखवणारी) चालवून पाहिली, तर ‘नोंद_लिहा’ समोर टी, म्हणजे फंक्शन आत आहे. कोड शुद्ध सी आहे, त्यामुळे सी++ सारखी नावं बदलली जाण्याचा प्रश्न नाही. मग एनएमला -डी (फक्त डायनॅमिक नावं दाखवा) जोडून चालवलं, तर ते नाव गायब! तिथून कळलं की एकाच फाइलमध्ये दोन सिंबल टेबलं असतात. सिमटॅबमध्ये सगळी यादी असते, ती डीबगरच्या कामाची. स्ट्रिप कमांडने फाइल हलकी केली की ती उडते. डिनसिम मात्र प्रोग्राम चालताना मेमरीत येतं आणि डायनॅमिक लोडर (चालताना लायब्ररी जोडून देणारा) फक्त त्यातच शोधतो. स्ट्रिप करून पाहिलं, सिमटॅब गेलं, डिनसिम जागेवर राहिलं. इथपर्यंत समजलं.

पुढचं समजत नाही. रीडएल्फ या कमांडने डिनसिम उघडलं. जवळजवळ सगळ्या ओळींत सेक्शनच्या रकान्यात ‘यूएनडी’ (अनडिफाइन्ड): प्रिंटएफ, मॅलॉक, डीएलओपन वगैरे, म्हणजे आम्ही दुसऱ्यांकडून मागितलेली नावं. अगदी तळाला मात्र आमचं एक फंक्शन दिसलं, ‘चूक_नोंदवा’, समोर सेक्शन क्रमांक 16. हे फंक्शन ‘नोंद_लिहा’च्याच सी फाइलमध्ये आहे, फक्त अकरा ओळी वर! दोन्हींपैकी एकही स्टॅटिक (त्याच फाइलपुरतं मर्यादित) नाही. फ्लॅग तेच, फाइल तीच, आणि लिंकरने एकाला यादीत घेतलं, दुसऱ्याला वगळलं. का?

जुन्या मशीनवरच्या बायनरीत आमची सगळी फंक्शनं डिनसिममध्ये आहेत. तेही नको आहे खरं तर, प्लगइनला जेमतेम वीस फंक्शनं लागतात. तेवढीच बाहेर दिसावीत असं काही करता येईल का?

बदल एकच केला आहे. नव्या मशीनवर सीमेक (बिल्डची आखणी करणारं साधन) 4.0 आहे आणि त्यात 3.5 च्या आधीच्या आवृत्त्यांशी सुसंगतता काढून टाकल्यामुळे ते पुढेच जाईना. म्हणून किमान आवृत्तीच्या ओळीत 2.8 होतं तिथे 3.10 लिहिलं. बाकी कशाला हात लावलेला नाही.

प्रतिसाद

तुम्ही शेवटच्या परिच्छेदात लिहिलं आहे तेच कारण आहे. जुन्या काळी लिनक्सवर सीमेक प्रत्येक एक्झिक्युटेबलला न विचारता ‘-आरडायनॅमिक’ (आतली नावं डिनसिममध्ये टाकायला सांगणारा फ्लॅग) जोडायचं. 3.4 मध्ये सीएमपी0065 ही पॉलिसी, म्हणजे हे वागणं बदलणारा नियम, आली. किमान आवृत्ती 3.4 किंवा पुढची लिहिली की हा फ्लॅग आपोआप लागत नाही. टार्गेटवर (इथे तुमच्या प्रोग्रामवर) ‘एनेबल_एक्स्पोर्ट्स’ ही प्रॉपर्टी लावावी लागते. तुम्ही 2.8 चं 3.10 केलंत आणि फ्लॅग गेला.

आता ‘चूक_नोंदवा’बद्दल. एक्झिक्युटेबल बनवताना लिंकर मुळात गृहीत धरतो की आतलं नाव बाहेर कुणाला लागणार नाही. अपवाद एकच: लिंकच्या वेळी दिलेल्या एखाद्या शेअर्ड लायब्ररीने ते नाव मागितलेलं असेल, तर ते तो डिनसिममध्ये टाकतो. तुमची प्लगइन्स डीएलओपनने येतात, लिंकरला ती दिसतच नाहीत. पण लिंकमध्ये तुमची स्वतःची एखादी एसओ आहे का, जी ‘चूक_नोंदवा’ कॉल करते?

ओळ तळाला दिसली त्यालाही कारण आहे. नव्या धाटणीच्या जीएनयू हॅशमध्ये (लोडरला नाव पटकन सापडावं म्हणून असलेल्या तक्त्यात) फक्त शोधता येण्याजोगी नावं घेतात, म्हणून लिंकर यूएनडी नावं आधी लावतो आणि ही शेवटी.

वीसच नावं हवी असतील तर ‘एनेबल_एक्स्पोर्ट्स’ लावू नका. नावांची एक फाइल करा आणि ती ‘--डायनॅमिक-लिस्ट’ने लिंकरला द्या. हे कष्ट जरूर घ्या. लोडर नाव शोधताना सर्वांत आधी मुख्य प्रोग्राममध्ये बघतो. तुमचं एखादं साधंसं ‘इनिट’ उघडं राहिलं आणि एखाद्या लायब्ररीतही त्याच नावाचं फंक्शन असलं, तर लायब्ररी स्वतःचं सोडून तुमचं बोलावू शकते. असा बग मी एकदा आठवडाभर शोधला आहे.

धागाकर्ता

मनापासून आभार! सीरियल पोर्ट हाताळणारी आमची एक एसओ लिंकमध्ये आहे आणि ती ‘चूक_नोंदवा’ बोलावते. आत्ताच तपासलं. त्या दोन फंक्शनांत फरक का, हे कोडं सुटलं.

यादीची फाइल केली. एकोणीस नावं डिनसिममध्ये आली, विसावं ‘वजन_गोळाबेरीज’ आलं नाही. हे तर साध्या एनएममध्येही दिसत नाही. ते स्टॅटिक लायब्ररीत आहे, एका ए फाइलमध्ये.

प्रतिसाद (दुसरे सदस्य)

ए फाइल म्हणजे ऑब्जेक्ट फाइल्सचं गाठोडं. लिंकर त्यातून गरज पडेल तेवढ्याच फाइल्स काढतो. ‘वजन_गोळाबेरीज’ मुख्य प्रोग्राममध्ये कुणीच कॉल करत नसेल, तर ती ऑब्जेक्ट फाइल आत येतच नाही. आत न आलेलं नाव यादीत लिहून उपयोग नाही. एकच नाव असेल तर लिंकरला ‘-यू’ देऊन ते नाव सांगा, म्हणजे ते मागितल्यासारखं होतं. ‘--होल-आर्काइव्ह’नेही होईल, पण मग अख्खं गाठोडं आत येईल.

धागाकर्ता

‘-यू’ दिलं. रीडएल्फमध्ये आता विसाच्या वीस, प्रत्येकासमोर सेक्शन क्रमांक. सगळी प्लगइन्स उघडली आणि दुपारी खऱ्या काट्यावर पन्नास किलोचं वजन ठेवून नोंद पाहिली, बरोबर आली. दोघांचेही खूप आभार. बिल्डच्या शेवटी एनएम -डीची यादी आमच्या फाइलशी ताडून बघणारी पायरी टाकली आहे. एकही नाव कमी पडलं तर बिल्ड तिथेच थांबेल.