पक्षाघातानंतरची फिजिओथेरपी : पडून घ्यायची की उठून करायची?

अंत्रूजवासी
माझे वडील ६७ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. चार महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. इस्पितळातील उपचार वेळेवर झाले, त्याबद्दल काही म्हणणे नाही. घरी आल्यापासून एक फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीन दिवस येतात, वीस मिनिटे हाताला विजेच्या यंत्राचे पॅड लावतात, दहा मिनिटे हातपाय वरखाली करतात आणि निघून जातात. त्या अर्ध्या तासात बाबा पलंगावर पडून छताची कौले पाहत असतात. आमचे घर फोंड्याजवळ, जुने, चिऱ्याचे आहे; प्रत्येक खोलीला उंच उंबरठा आहे आणि न्हाणीघर मागच्या पडवीच्या टोकाला आहे. बाबा धरून बारा-पंधरा पावले चालतात, पण डावे पाऊल उंबरठ्याला अडते. मनगट आणि बोटे थोडीशी उघडतात. नातेवाईक म्हणतात की तीन महिन्यांत जे यायचे ते आले, आता पैसे घालवण्यापेक्षा तेलाने मालीश करून घ्या. फिजिओथेरपीने खरोखर फरक पडतो का, आणि पडत असेल तर ती अशीच असते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ऊठबस
मी चौदा वर्षे गोव्यातच फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आहे. तुमचे बाबा कौले पाहत पडून असतात हे वाचूनच मला बरेचसे उत्तर मिळाले. झटक्यात मेंदूचा जो भाग मेला तो परत येत नाही. परंतु उरलेला मेंदू त्याची काही कामे शिकून घेऊ शकतो, आणि हे शिकणे रुग्णाने स्वतः लक्ष देऊन, रोजच्या उपयोगाची तीच हालचाल शेकडो वेळा करून पाहिली तरच घडते. दुसऱ्याने हात वरखाली केल्याने सांधे मोकळे राहण्यास थोडी मदत होत असेल, पण मेंदूला त्यातून शिकण्यासारखे फार मिळत नाही. यंत्राचेही तसेच आहे. रुग्ण बोटे उघडण्याची धडपड करत असताना त्याच क्षणी स्नायूला विजेची चालना दिली तर ते उपयोगी पडते. पॅड लावून रुग्णाला पडून ठेवण्यात वेळ मात्र जातो.

तीन महिन्यांच्या समजुतीत अर्धे सत्य आहे. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वाधिक असतो, पण त्यानंतर दार बंद होते असे नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एक्साइट या अमेरिकी चाचणीत झटक्यानंतर तीन ते नऊ महिने उलटलेले २२२ रुग्ण होते. त्यांतील एका गटाच्या चांगल्या हातावर दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ जाड मोजा चढवून दुबळ्या हाताकडूनच कामे करवून घेतली, तेव्हा त्यांचा हात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारला आणि तो फरक वर्षभरानंतरही टिकून होता. मात्र या पद्धतीसाठी मनगट आणि बोटे स्वतःहून काही अंश तरी उघडावी लागतात. बाबांची उघडतात, म्हणून प्रत्यक्ष तपासणी करून घ्या. मोजा घालून चालू देऊ नका, कारण तोल गेला तर सावरायला चांगला हात मोकळा हवा.

ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत पक्षाघाताच्या रुग्णांना गरजेनुसार दिवसाला किमान तीन तास, आठवड्यातून किमान पाच दिवस पुनर्वसनाचे उपचार द्यावेत असे म्हटले आहे, आणि त्यात वाचा व इतर उपचारही धरलेले आहेत. आपल्याकडे घरी येणाऱ्या माणसाकडून तीन तास कोणाला परवडणार? म्हणूनच त्या अर्ध्या तासात घरच्यांना शिकवणे हे माझ्या मते आमचे मुख्य काम आहे. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, आधी उंच खुर्चीवरून आणि जमू लागले की बुटक्या खुर्चीवरून. दुबळ्या पायावर भार घेऊन उभे राहणे. पाऊल लोंबत असेल तर घोट्याचा स्प्लिंट (पाऊल वर धरून ठेवणारा ताठ आधार) घालून चालणे आणि प्रत्यक्ष उंबरठ्यावरच, बाजूला माणूस ठेवून, पाय उचलण्याचा सराव करणे. न्हाणीघरापर्यंत जायचे असेल तर त्याच वाटेवर शिकावे लागते.

माहेर पेडणे
ताईंचे म्हणणे मला पटते, पण एक गोष्ट राहिली. माझ्या आईचीही डावी बाजू गेली होती आणि आम्ही सगळेजण तिला उठवताना प्रेमाने तोच हात धरून ओढत होतो. लुळ्या हाताच्या वजनाने खांदा आधीच खाली सरकत असतो, हे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. वर एका ठिकाणी तिला डोक्यावरच्या कप्पीची दोरी ओढायला लावली आणि पुढचे तीन महिने तिने खांद्याच्या दुखण्याने रात्र रात्र जागून काढली. नंतर भेटलेल्या फिजिओथेरपिस्टने कप्पी पहिल्याच दिवशी बंद केली, बसताना हाताखाली उशी ठेवायला सांगितली आणि उठवताना कमरेला धरायला शिकवले. आईला त्यांनी विचारले की तुम्हाला काय करायचे आहे, तेव्हा ती म्हणाली, चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट. माटोळी बांधणे काही तिला जमले नाही, परंतु त्या वर्षी खुर्चीवर बसून सुपारीचे घोस डाव्या हाताने उचलून भावाच्या हातात देत होती. त्याआधीच्या सहा आठवड्यांत चेंडू आणि शंकू उचलायला सांगितले की ती वैतागून जायची. घोस मात्र तिने न सांगता उचलले.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी
वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, तरी जास्त म्हणजे चांगलेच असा अर्थ कोणी काढू नये. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅव्हर्ट चाचणीत २,१०४ रुग्ण होते. झटक्यानंतर २४ तासांच्या आत लवकर आणि वारंवार उठवून चालवलेल्या गटात तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले रुग्ण ४६ टक्के होते, तर नेहमीच्या गतीने उठवलेल्यांत ५० टक्के. तुमचे वडील तो टप्पा केव्हाच ओलांडून आले आहेत, म्हणून त्यांच्या बाबतीत ही भीती नको. पण कोणता व्यायाम, कधी, किती, हे औषधाच्या मात्रेइतक्याच काळजीने ठरवायचे असते.

मालीशला माझा विरोध नाही. हलक्या हाताने केल्यास रुग्णाला बरे वाटते, परंतु त्यामुळे चालता येऊ लागत नाही. संवेदना कमी झालेल्या हातापायाला गरम तेल किंवा शेकाची पिशवी लावून भाजून घेतलेले रुग्ण मी पाहिले आहेत, त्यामुळे उष्णता आधी चांगल्या बाजूवर तपासा. वडील व्यायामाला कंटाळत असतील तर त्याला लगेच आळस म्हणू नका; पक्षाघातानंतर सुमारे एकतृतीयांश रुग्णांना नैराश्य येते आणि त्यावर उपचार आहेत. आणि घरी येणाऱ्यांची पदवी विचारण्यात संकोच कसला? २०२१ च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपी हा नोंदणीकृत आरोग्य व्यवसायांत आणला आहे.

अंत्रूजवासी
सर्वांचे मनापासून आभार. काल आमच्या फिजिओथेरपिस्टना मी हे सगळे विचारले. त्यांची पदवी रीतसर आहे; ते म्हणाले की बहुतेक घरांत यंत्र लावले नाही तर पैसे कशाचे, असे लोक विचारतात. हे ऐकून मला थोडी लाजच वाटली, कारण पहिल्या आठवड्यात मीही तसेच विचारले होते. त्यांनी सोप्यावर खडूने एकमेकींपासून दहा मीटर अंतरावर दोन रेघा मारल्या आणि बाबांना चालायला लावले. ४१ सेकंद लागले. आता दर पंधरवड्याला त्याच रेघांमध्ये मोजणार आहोत. आकडे भिंतीवरच्या कालनिर्णयवर स्वतः लिहिणार, असे बाबांनी सांगितले आहे; डाव्या हाताने कालनिर्णय दाबून धरायचे आणि उजव्याने लिहायचे.