मेरोम गोलान: हे गाव इस्राएलचं की सीरियाचं?

निफाडचा बागायतदार: आमच्या गटातली मंडळी शेती बघायला इस्राएलला चालली आहेत. कार्यक्रमपत्रिकेत ‘मेरोम गोलान, उत्तर इस्राएल’ असं छापलंय. मुलगा म्हणतो, ती जागा सीरियाची. जाणकारांनी सांगावं.

निवृत्त सुभेदार, कोरेगाव: दादा, मुलगा बरोबर सांगतोय. गोलान पठारावरच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत आपली रसद तुकडी असते, तिच्यात मी होतो. झिवानीचा आमचा कॅम्प त्याच भागात.

जून १९६७ च्या लढाईत इस्राएलने सीरियाकडून गोलान घेतलं. जुलैच्या मध्यात उत्तर इस्राएलमधल्या गॅलिलीतल्या किबुत्झांची, म्हणजे सामूहिक शेतीच्या वस्त्यांची, पोरं अलैका इथल्या ओस पडलेल्या सीरियन लष्करी तळावर येऊन राहिलीसुद्धा. कारण काय, तर मोकाट गुरं गोळा करायची! तिथून ती कुनेत्रा शहरात गेली आणि १९७२ मध्ये बेंटल डोंगराच्या पायथ्याशी कायमची बसली. तेच हे मेरोम गोलान, गोलानमधली पहिली इस्राएली वसाहत.

बेंटलवर उभं राहिलं की एका अंगाला हिरव्यागार बागा दिसतात, दुसऱ्या अंगाला उद्ध्वस्त कुनेत्रा. तिथं भिंती गेल्यात आणि घरांचे स्लॅब अख्खेच्या अख्खे जमिनीवर बसलेत. हे बघितलेला माणूस ‘उत्तर इस्राएल’ असं सहज लिहीत नाही.

पुणेकर: सुभेदारसाहेब, १९६७ आधी याच पठारावरून हुला खोऱ्यातल्या शेतकऱ्यांवर सीरियन तोफा चालायच्या, तेही सांगा. शिवाय १९८१ मध्ये इस्राएलने तिथं आपला कायदा लावला, २०१९ मध्ये अमेरिकेने मान्यताही दिली.

निवृत्त सुभेदार, कोरेगाव: तोफा खऱ्याच, खालच्या लोकांनी फार सोसलं. पण म्हणून जमीन आपली होत नाही. १९८१ च्या त्या कायद्याला तीनच दिवसांत सुरक्षा परिषदेने ठराव ४९७ करून रद्दबातल ठरवलं, तेही एकमताने, म्हणजे अमेरिकेच्या मतासकट. २०२३ मध्ये आमसभेत गोलानच्या ठरावावर भारताने सीरियाच्या बाजूने मत दिलं. गोलानमधले बहुतेक सीरियन लोक १९६७ मध्येच विस्थापित झाले, त्यांना परत येऊ दिलं नाही. मागे राहिली ती मोजकी गावं, बहुतेक द्रूझ या अरबी बोलणाऱ्या धार्मिक समाजाची. त्यांचीही सफरचंदं नावाजलेली. काही वर्षं तर रेड क्रॉसच्या मदतीने ती कुनेत्राच्या फाटकातून सीरियात जायची.

निफाडचा बागायतदार: मग जाणं रद्द करावं का?

निवृत्त सुभेदार, कोरेगाव: जा की. शेती उत्तम आहे, शिकण्यासारखं खूप आहे. फक्त मजदल शम्स या द्रूझांच्या गावी एक दिवस काढा, द्रूझ बागायतदाराच्या बांधावर बसा आणि त्याला पाण्याचं विचारा: वसाहतीला किती मिळतं, तुला किती?