दोघांसाठी घरी कोणता बोर्ड गेम घेऊ? मदत हवी आहे

राम राम मंडळी. आम्ही भुसावळला दोघंच असतो, लेक पुण्याला शिकायला. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या घरात, दुपारभर दाराबाहेर पाय टाकवत नाही. टीव्ही बघून डोकं उठलंय.

लुडोला दोघांत मजा नाही. कॅरममध्ये हे मला जिंकू देत नाहीत, बुद्धिबळात मी त्यांना, म्हणून दोन्ही माळ्यावर! कॅटान मागवणार होते, पण त्याला निदान तीन जण लागतात.

आता तीन नावं डोक्यात आहेत. 'जयपूर' फक्त दोघांसाठीच बनवलेला, उंट आणि मालाचा व्यापार, अर्ध्या तासात डाव संपतो. पण मुख्यतः पत्त्यांचाच खेळ, आणि आमचा कूलर असा की साधी रमी खेळतानाही पत्त्यांवर वाटी ठेवावी लागते. त्यामानानं दुसरा 'अझूल', रंगीत फरशा मांडायचा खेळ; त्याच्या फरशा जड, उडायच्या नाहीत. तिसरा 'तिकीट टू राइड', नकाशावर शहरं रेल्वेमार्गांनी जोडायचा खेळ, कारण हे रेल्वेतले. त्यात दोघं असताना जोडमार्गातला (दोन शहरांमधल्या शेजारी-शेजारी दोन मार्गांतला) एकच वापरता येतो म्हणे, तरी एवढ्या मोठ्या नकाशावर दोघांत चुरस राहते का?

कुणी नवरा-बायकोनं हे खेळलेत का? रोज खेळून महिन्याभरात कंटाळा येणार नाही असा कोणता? आणि हो, हरल्यावर अबोला कमी धरला जाईल असा सांगा.